मातीचीं पांखरें

वयाच्या ६६ व्या वर्षीं कोणी आपल्या हातीं बंदूक देईल आणि आपण ती निमूटपणें घेऊं, असें भविष्य एखाद्या ज्योतिषानें वर्तविलें असतें, तर त्याला दिलेली दक्षिणा मीं परत मागितली असती. ३६ वर्षें मुलांकडून धातूंचीं रूपें घोकून घेण्यांत गेलीं. हातांत शस्त्र आलें तें खडूचें, आणि खोटें कशाला सांगूं, पूर्वींच्या काळीं क्वचित् छडीचें. तरी गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें हा योग आला खरा, आणि त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

माझा मुलगा नोकरीनिमित्त बर्मिंगहॅम येथें राहतो. आम्ही उभयतां तीन महिन्यांकरितां त्याच्याकडे गेलों होतों. नात मैत्रेयी १४ वर्षांची. तिच्या शाळेंत मातीच्या तबकड्या हवेंत उडवून त्यांवर नेम धरण्यास शिकविणारें मुलामुलींचें एक मंडळ आहे, व त्यांत नांव घालण्यासाठीं पालकाची संमति हवी होती. मुलानें तो कागद सही न करतां माझ्यापुढें ठेवला. "बाबा, तुमचें मत काय?" माझें मत तयारच होतें. मुंगीस वाट देऊन चालणाऱ्या घरांतील मुलीनें बंदुकीचा नाद करावा, हें मला मुळींच रुचलें नाहीं. वाईस थोरल्या बंधूंना फोन केला, तर त्यांनीं माझ्याहून दोन शब्द अधिकच सुनावले. सूनबाई गप्प राहिली. नात मात्र बोलली. "आजोबा, मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय टीका करूं नये, असें तुम्हीच सांगतां ना?"

ह्याला उत्तर नव्हतें. येत्या शनिवारीं आपण मैदानावर जाऊं, तेथें नवशिक्यांना शिकवितात, असें ठरलें.

येथें आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. त्या दिवसांत आम्हां आजोबा-नातींचें थोडें बिनसलें होतें. रोज सकाळीं सातला मी तिला संस्कृत शिकवीत असें. पहिला आठवडा ती हौसेनें बसली; पुढें आईनें सांगितलें म्हणून बसूं लागली. मी वहींत तांबडी फुली करीत असें. ती फुलीकडे पाही आणि मान खालीं घाली. प्रश्न विचारणें तिनें सोडून दिलें होतें. बोलकें मूल मुकें झालें कीं शिक्षकाला तें लागलींच कळतें. त्याचें कारण कळेलच असें नाहीं.

मूळ ग्रंथ वाचावयाचा, म्हणून आदल्या रात्रीं मीं ह्या खेळाचा थोडा इतिहास पाहिला, आणि तो पाहून माझा विरोध अधिकच बळावला. ह्याचा उगम निखळ हिंसेंत आहे. इंग्लंडांत पूर्वीं जिवंत कबुतरें पेटींत कोंडून ठेवीत, दोरी ओढून पेटी उघडीत, आणि उडत्या पांखरावर पैजा लावून बंदूक झाडीत. त्या पेटीला 'ट्रॅप' म्हणत. तबकड्या फेंकणाऱ्या आजच्या यंत्रालाहि तेंच नांव आहे, आणि नेमबाज आज देखील 'पुल', म्हणजे 'ओढ', असेंच ओरडतो, जरी ओढावयास दोरी उरलेली नाहीं. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें सुद्धां जिवंत कबुतरें मारण्याची स्पर्धा झाली. कोंडलेलीं पांखरें सोडून मारण्यास ब्रिटनच्या पार्लमेंटनें कायद्यानें बंदी केली ती १९२१ सालीं.

परंतु त्याच्या बऱ्याच आधीं मनुष्याच्या युक्तीनें निराळी वाट शोधली होती. प्रथम कांचेचे पोकळ गोळे उडवीत. कित्येकांत पिसें भरलेलीं असत, कीं गोळा फुटला म्हणजे पांखरूंच पडल्याचा भास व्हावा! पुढें १८८० सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगाउस्की नांवाच्या गृहस्थानें चपट्या मातीच्या तबकडीचें पेटंट घेतलें. मुलें पाण्यावर शिंपा तिरप्या फेंकीत होतीं, त्यावरून ती त्याला सुचली, असें सांगतात. कृष्णेच्या घाटावर चपट्या ठिकऱ्यांचे टप्पे मोजण्यांत आमचें सारें बाळपण गेलें. आम्हांस पेटंट कांहीं सुचलें नाहीं. ती पहिली तबकडी भाजलेल्या मातीची आणि इतकी टणक, कीं छरा लागला तरी न फुटतां घंटेसारखी वाजे. आजच्या तबकडींत माती नाहींच. चुनखडीची भुकटी आणि डांबराच्या जातीचें पिच ह्यांची ती केलेली असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन सुमारें १०५ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडील चहाच्या बशीहूनहि लहान. नांव तेवढें मातीचें राहिलें.

बर्मिंगहॅमपासून तासाभराच्या वाटेवर, मेंढ्यांच्या कुरणांना लागून तें मैदान होतें. जून असूनहि आमच्याकडच्या माघासारखा गारठा. मी कानटोपी घालून गेलों होतों. पण कानांवर आवाजापासून बचाव करणारीं गादीदार झांकणें बसवावयाचीं म्हणून ती प्रथमच उतरवावी लागली. शिकवावयास आलेल्या बाई तिशीच्या आंतबाहेरच्या, शेतकरी घरांतल्या. इंग्लंडांत बंदूक बाळगावयास पोलिसांचा परवाना लागतो. माझ्यासारख्या बिनपरवान्याच्या माणसाला पोलिसांनीं मान्य केलेल्या अशा मैदानावर, देखरेखीखालीं मात्र ती हातीं धरतां येते. पहिला अर्धा तास बाईंनीं काडतुसास हात लावूं दिला नाहीं. दोन नळ्या एकावर एक अशी ती बंदूक बिजागरीशीं उघडून, नळ्या जमिनीकडे करून हातावर कशी टाकावी. उभें राहण्याच्या चौकटींत गेल्याविना ती मिटूं नये. नळीचें तोंड चुकूनहि माणसाकडे वळूं नये. बोट चापावर अगदीं शेवटीं जावें. ह्या नियमांत विनोदाला जागा नव्हती. नातीनें मधेंच हसून मागें वळून पाहिलें, तर बाईंनीं एका शब्दांत तिला सरळ उभें केलें. मला तें आवडलें.

नंतर डोळ्यांची परीक्षा झाली. दोन्ही हात पुढें ताठ करून तळव्यांमध्यें लहानशी खिडकी करावयाची, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तींतून बाईंच्या नाकाकडे पाहावयाचें. समोरून त्यांना आपला एकच डोळा दिसतो. दोन डोळ्यांत तो धनी, दुसरा त्याचा कारभारी. आणि नेम नेहमीं धन्याच्या हुकमानें धरला जातो. माझा धनी डावा निघाला! उजव्या हातानें लिहिणारा मी, ६६ वर्षें डाव्या डोळ्याच्या अमलाखालीं होतों आणि मला पत्ता नव्हता. बाई म्हणाल्या, "डावा डोळा मिटून उजव्या खांद्यावरून मारतां येईल. पण तुम्हांला अजून कसलीच संवय नाहीं, तेव्हां डाव्या खांद्यावरूनच शिका." मीं बंदूक डाव्या खांद्याला लावली, तोंच मागून नात ओरडली, "आजोबा, सव्यसाची!" अर्जुनाचें हें नांव, दोन्ही हातांनीं बाण सोडणारा ह्या अर्थासह, मीं तिला त्याच आठवड्यांत सांगितलें होतें. तिनें तें ऐकलेंच नसेल अशी माझी समजूत होती.

पहिल्या तबकड्या समोरून सरळ दूर जाणाऱ्या होत्या. दस्ता खांद्याच्या खोबणींत घट्ट बसवावा, गाल त्यावर टेंकावा, पुढच्या पायावर थोडा भार द्यावा. 'पुल' म्हणावयास माझी जीभ वळेना. घशांतून जो आवाज निघाला त्यावर बाईंनीं यंत्राचें बटण दाबलें, हें त्यांचें सौजन्य. खांद्यास धक्का बसला, तबकडी शांतपणें जाऊन गवतांत पडली. "खालून गेले," बाई म्हणाल्या. दुसरीलाहि तेंच. चौथी फुटली. हें फार अवघड नाहीं असें मनांत येतें न येतें, तोंच बाईंनीं आम्हांस दुसऱ्या चौकटीकडे नेलें. तेथें तबकडी डावीकडून उजवीकडे आडवी जात होती.

तेथें मी ओळीनें सात वेळां हुकलों. प्रत्येक काडतुसांत तीनशेंहून अधिक छरे, आणि त्यांतला एकहि लागूं नये! मीं तर तबकडीच्या अगदीं मध्यावर नेम धरला होता. बाई दर वेळीं एवढेंच म्हणत, "मागें." "अजून मागें." "आतां थोडेंच मागें."

विश्रांतीसाठीं बांकावर बसलों, तेव्हां मीं खिशांतून कागद काढून त्रैराशिक मांडलें. नात वांकून पाहूं लागली. तबकडीचा वेग ताशीं ६५ किलोमीटर धरला, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. छरे नळींतून सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगानें निघतात, पण हवेंत लवकर मंदावतात. २५ मीटर जावयास त्यांना सेकंदाचा सुमारें तेरावा भाग लागतो. तेवढ्यांत तबकडी १.४ मीटर, म्हणजे चांगली तीन हात पुढें निघून जाते. नात म्हणाली, "म्हणजे ती जिथें दिसते तिथें नेम धरला, तर छरे पोंचतात तेव्हां ती तिथें नसतेच." कित्येक दिवसांनीं ती माझ्याशीं आपण होऊन अशी बोलली.

बाईंना मीं कागद दाखविला. त्या हसल्या. "हिशोब बरोबर आहे. आतां तो खिशांत ठेवा, नाहींतर बंदूक उचलल्यावर तुम्ही हिशोबच करीत राहाल." मग त्यांनीं आपली घोकंपट्टी सांगितली, आणि ती ऐकून माझ्यांतील पंतोजी सुखावला. तबकडी हें पांखरूं समजावें. बंदूक त्याच्या मागून आणावी, आणि नळी त्यावरून फिरवीत मनांत म्हणावें: शेंपूट, पोट, चोंच. चोंच ओलांडली कीं चाप ओढावा, आणि ओढल्यावरहि बंदूक फिरतीच ठेवावी. माझा दोष त्यांनीं नेमका धरला होता. ऐन वेळीं, आपण बंदूक नीट धरली आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां, मी नजर तबकडीवरून काढून नळीवर आणीत होतों. नजर नळीवर आली कीं हात थांबतो. हात थांबला कीं छरे मागें. बहुतेक सगळे नवशिके मागेंच हुकतात, असें त्या म्हणाल्या.

वसिष्ठांच्या नांवावर असलेल्या धनुर्वेदसंहितेंत लक्ष्याचे चार प्रकार केले आहेत: स्थिर, चल, चलाचल आणि द्वयचल. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसळे ह्यांनीं २०२४ सालीं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्यें कांस्यपदक मिळविलें, तें स्थिर लक्ष्य. तेथें श्वाससुद्धां आवरून निश्चल व्हावें लागतें. येथें निश्चल झाला तो संपला. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेची स्तुति करतो, त्यांत चल लक्ष्याच्या वेधाचा गौरव आहे. तो श्लोक मीं कितीक वर्षें शिकविला. समास सोडविले, वृत्त सांगितलें. चल लक्ष्य म्हणजे काय, हें मात्र मला त्या कुरणांत, खांदा दुखूं लागल्यावर कळलें.

पण त्याहून एक गोष्ट माझ्या मनास लागून राहिली. मी सात वेळां हुकलों, तरी 'चुकलें' हा शब्द बाईंनीं एकदांहि उच्चारला नाहीं. छरे कोठें गेले तेवढें त्या सांगत. मला आमच्या शाळेंतील एक मुलगा आठवला. त्याच्या वहीचें पान माझ्या फुल्यांनीं तांबडें होत असे, आणि नववींत त्यानें शाळा सोडली. त्याला संस्कृत येणार नाहीं, असें मी शिक्षकांच्या खोलींत बिनदिक्कत सांगत असें. त्याचीं उत्तरें किती अंतरानें हुकत होतीं, हें मीं कधीं पाहिलें नव्हतें.

आठव्या खेपेस मीं नळीकडे पाहिलें नाहीं. शेंपूट, पोट, चोंच. कानांवरील झांकणांमुळें तबकडी फुटल्याचा आवाज आला नाहीं. आभाळांत एक काळसर भुकटीचा ठिपका उमटला आणि वाऱ्यानें पुसला गेला. मला फार आनंद झाला, आणि पांखराचीं नांवें घेऊन झालेल्या त्या आनंदाची लगेच थोडी लाजहि वाटली. दोन्ही खऱ्या. एकूण २५ तबकड्यांपैकीं माझ्या सहा फुटल्या, नातीच्या अकरा.

मैदानावरच्या खोपटांत चहा पितांना मीं माझा उरलेला आक्षेप काढला. पांखरें मारीत नाहीं म्हणतां, पण शिशाचे छरे रानांत पडतात त्यांचें काय? बाईंनीं तें नाकारलें नाहीं. बदकें, हंस असे पक्षी ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेनें मरतात. म्हणूनच ब्रिटिश सरकारनें २०२५ सालीं शिशाच्या छऱ्यांवर निर्बंध आणण्याचें जाहीर केलें, आणि पोलादी छरे पुढें येत आहेत. मग मीं त्यांस बिकानेरचे महाराज करणीसिंह ह्यांची गोष्ट सांगितली. त्यांनीं १९६२ सालीं कैरोच्या जागतिक स्पर्धेंत ट्रॅपमध्यें रौप्यपदक मिळविलें होतें आणि पांच ऑलिंपिकांत भाग घेतला होता. २००४ सालीं अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड ह्यांनीं रौप्यपदक आणलें, तेंहि उडत्या तबकड्यांवरच. "आणि मुली?" नातीनें विचारलें. बाईंनाच ठाऊक होतें. २०२४ सालीं पॅरिसला महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरूका ह्या जोडीचें स्कीटमधील कांस्यपदक एका तबकडीनें हुकलें होतें. "एकाच?" नात म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली.

घरीं आल्यावर सौभाग्यवतीनें आंबेहळद उगाळून आणली. "अहो, हा डावा खांदा! शिकायला गेलांत तें देखील उलटेंच?" मुलानें कागदावर सही केली. मीं वाईस बंधूंना फोन करून कळविलें कीं मूळ ग्रंथ थोडा वाचला असून टीका सौम्य करीत आहें. त्यांनीं फोन वहिनींकडे दिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातला नात नेहमींप्रमाणें वही घेऊन बसली. 'मुलगे गेले' ह्याचें संस्कृत तिनें केलें होतें, 'बालाः अगच्छताम्'. माझा हात संवयीनें तांबड्या लेखणीकडे गेला. मीं ती टोंपण न काढतां खालीं ठेवली.

"मागें," मी म्हणालों.

तिनें चमकून माझ्याकडे पाहिलें. "किती मागें, आजोबा?"

"एका वचनानें."

ती वहीकडे पाहूं लागली. मग 'ताम्' खोडून तिनें पुढें 'न्' काढला.