घरी केलेलं आइस्क्रीम दगडासारखं कडक का होतं? आणि पॉट फिरवायला सगळं घर का लागायचं?

दूध आटवलं, साखर घातली, आंब्याचा रस ढवळला आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. सहा तासांनी झाकण उघडलं तर आत आंब्याची वीट. चमचा वाकतो, पण आइस्क्रीम काही निघत नाही. जो तुकडा निघतो तो दाताखाली करकर वाजतो. घरी आइस्क्रीम करून बघणाऱ्या बहुतेकांचा पहिला अनुभव असाच असतो. मग घरात जाहीर होतं की हे आपलं काम नाही, त्यापेक्षा कोपऱ्यावरून फॅमिली पॅक आणलेला बरा.

पण गंमत अशी की घरोघरी फ्रीज नव्हते तेव्हा महाराष्ट्रातल्या वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये घरीच आइस्क्रीम व्हायचं. तेही मऊसूत आणि विजेशिवाय. मग त्या पॉटमध्ये असं काय होतं, जे आजच्या डबल डोअर फ्रीजमध्ये नाही?

उत्तर एका शब्दात सांगायचं तर, हात.

करकर येते कुठून?

दूध कितीही दाट वाटलं तरी त्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हशीचं असो की गाईचं. हे पाणी गोठताना त्याचे स्फटिक तयार होतात. मिश्रण एका जागी शांत पडून हळूहळू गोठलं तर थोडेच स्फटिक तयार होतात आणि तेच मोठे होत जातात. जीभ याबाबतीत फार चोखंदळ आहे. स्फटिक साधारण ५० मायक्रॉनच्या वर गेले, म्हणजे केसाच्या जाडीच्याही आत असले, तरी तिला ते खरखरीत लागायला लागतात.

आइस्क्रीम मऊ हवं असेल तर दोनच गोष्टी कराव्या लागतात. मिश्रण पटकन गार करायचं आणि गोठत असताना ते सतत हलवत राहायचं. हलवल्यामुळे स्फटिक वाढायच्या आत मोडतात आणि सोबत थोडी हवाही मिसळते. कुल्फी हलवत नाहीत, म्हणून ती घट्ट लागते. पण तिचं दूध आधीच इतकं आटवलेलं असतं की गोठायला पाणीच कमी उरतं. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत. आइस्क्रीमचं दूध कुल्फीइतकं आटवून मेहनत वाया घालवण्यात अर्थ नाही.

पॉटमधलं मीठ काय करतं?

हाताने फिरवायच्या आइस्क्रीम पॉटचं पेटंट अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये घेतलं. रचना अगदी साधी. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा डबा, डब्यात पाती आणि वर फिरवायचा दांडा. लाकडातून बाहेरची उष्णता सहज आत येत नाही आणि धातूतून दुधाची उष्णता झटकन बाहेर जाते. बादली आणि डबा यांच्यामधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि खडे मीठ.

नुसता बर्फ घातला तर आइस्क्रीम होत नाही. साध्या बर्फाचं तापमान शून्य अंश आणि साखर घातलेलं दूध गोठायला सुरुवात होते उणे अडीच-तीन अंशांच्या आसपास. मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो. वितळायला त्याला उष्णता लागते आणि ती तो शेजारच्या डब्यातून ओढून घेतो. किती? एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक लिटर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. मिठाचं प्रमाण नीट जमलं तर हे खारं पाणी थेट उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. घरगुती फ्रीजर साधारण उणे १८ ला असतो, म्हणजे वाड्यातली बादली त्याच्या तोडीस तोड होती! घरात लागणारं प्रमाण म्हणजे तीन ते चार भाग बर्फाला एक भाग खडे मीठ.

(क्षार वापरून गारवा मिळवण्याची कल्पना आपल्याकडे त्याहूनही जुनी. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची पद्धत नोंदवलेली आहे.)

आता हातांचा मुद्दा. मिश्रण गोठायला अर्धा तास तरी लागतो आणि तेवढा वेळ दांडा थांबता कामा नये. थांबला की डब्याच्या कडेला दूध चिकटून त्याचे मोठे खडे होतात. सुरुवातीला दांडा हलका असतो, म्हणून पहिली पाळी पोरांची. दहा-पंधरा मिनिटांनी तो जड होतो, मग काका-मामा पुढे येतात. शेवटी तर बादलीच फिरायला लागते, म्हणून वर गोणपाट टाकून त्यावर एखाद्याला बसवायची पद्धत होती. एकटा माणूस हे करू शकत नाही असं नाही, पण तो मध्ये दम खाणार आणि तेवढ्या वेळात आइस्क्रीम बिघडणार. सुट्टीत सगळे जमले की पॉट निघायचा, त्यामागे हौस होतीच. पण यंत्राची मोटरही तीच भावंडं होती.

दांडा फिरेनासा झाला की आइस्क्रीम झालं. मग खारं पाणी काढून टाकायचं, पुन्हा बर्फ-मीठ भरायचं आणि गोणपाट घालून तासभर तसंच ठेवायचं. या कामातली सर्वांत मोठी दुर्घटना म्हणजे डब्यात खारं पाणी जाणं. त्यासाठी डबा दोन तृतीयांशच भरायचा, बादलीचं भोक मोकळं ठेवायचं आणि झाकण उघडण्याआधी कोरड्या फडक्याने पुसायचं. बर्फ-मीठ उघड्या हाताने चिवडायचं नाही, कारण उणे तापमानाने कातडी भाजल्यासारखी होते.

आज पॉट वापरणार असाल तर आणखी एक. कारखान्यातली बर्फाची लादी खाण्यासाठी असेलच असं नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्याच्या बर्फापासून वेगळा ओळखता यावा म्हणून अखाद्य बर्फात निळसर रंग घालणं बंधनकारक केलं. तो बादलीत चालतो. पण त्यातला खडा सरबतात पडता कामा नये, आणि घरात पोरं असली की तो पडतोच.

पॉट नाही, फ्रीजर आहे. मग?

मग दांड्याचं काम बीटरला द्यायचं. मराठी घरांत गेली कित्येक वर्षं चालत आलेली कृती अशी आहे: अर्धा लिटर फुल क्रीम दूध, साधारण १०० ग्रॅम साखर, दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक टेबलस्पून जीएमएस आणि पाव छोटा चमचा सीएमसी. थोडं गार दूध बाजूला काढून त्यात पावडरी कालवायच्या, बाकीचं दूध उकळलं की त्यात ओतायच्या, दाटसर होईपर्यंत ढवळायचं. पूर्ण गार करून स्टीलच्या पसरट डब्यात फ्रीजरला लावायचं. तीन-चार तासांनी अर्धवट गोठलं की बाहेर काढून, शंभरेक मिली क्रीम घालून दुप्पट फुलेपर्यंत फेटायचं आणि पुन्हा फ्रीजरमध्ये. वेळ असेल तर दोन तासांनी आणखी एकदा फेटायचं. करकर राहते ती बहुतेक वेळा हा दुसरा फेरा टाळल्यामुळे.

जीएमएस आणि सीएमसी ही नावं ऐकून अनेकजण बिचकतात. जीएमएस म्हणजे ग्लिसरिल मोनोस्टिअरेट. ते दुधातलं स्निग्ध आणि पाणी एकत्र धरून ठेवतं. सीएमसी पाण्याला बांधून ठेवतं, त्यामुळे स्फटिक मोठे होत नाहीत. दोन्ही खाद्य-दर्जाचे मिळतात आणि विकतच्या आइस्क्रीममध्येही अशीच द्रव्यं असतात. नको असतील तर कॉर्नफ्लोअर थोडं वाढवा आणि फेटायचे फेरे वाढवा.

साखर मात्र मनाने कमी करू नका. ती फक्त गोडीसाठी नसते. साखरेमुळे पाण्याचा काही भाग उणे १८ अंशांनाही गोठत नाही आणि म्हणून चमचा आत जातो. साखर निम्मी केली की वीट तयार, दुप्पट केली की नीट घट्ट होणार नाही. शिवाय गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, त्यामुळे कोमट मिश्रण जरा जास्त गोड लागलं पाहिजे.

क्रीमच्या पाकिटावर काय लिहिलंय?

घरी करण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं की पोरांच्या पोटात काय जातंय ते कळावं. एफएसएसएआयच्या नियमानुसार ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायचं तर त्यात किमान १० टक्के दुधाचं फॅट लागतं. त्याहून कमी असेल तर ‘मीडियम फॅट’ किंवा ‘लो फॅट’ असं लिहावं लागतं. वनस्पती तेल वापरलं असेल तर ते ‘फ्रोझन डेझर्ट’. दोन्ही डबे एकाच फ्रीजरमध्ये शेजारी शेजारी असतात आणि फरक फक्त लेबलवर कळतो. फ्रोझन डेझर्ट विकणं बेकायदा नाही, पण दुधाचं समजून तेलाचे पैसे देणं कोणाला आवडेल?

वजनाचंही तसंच. नियमाने एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं. म्हणजे लिटरच्या डब्यात जेमतेम अर्धा किलो पदार्थ असला तरी तो नियमात बसतो, बाकी हवा. हातांनी फिरवलेल्या पॉटमध्ये इतकी हवा शिरत नाही. म्हणूनच पॉट आइस्क्रीमचा एक वाडगा खाल्ला तरी पोट भरतं.

पण घरीही फसगत होते. केकसाठी मिळणारं ‘व्हिप क्रीम’ छान फुलतं म्हणून आइस्क्रीममध्ये घातलं जातं आणि त्यातलं बरंचसं वनस्पती फॅटचं असतं. म्हणजे एवढा खटाटोप करून घरी झालं शेवटी फ्रोझन डेझर्टच. साधं फ्रेश क्रीम दुधाचं असतं, त्यात २५ टक्क्यांच्या आसपास फॅट असतं. ते एकटं फेटून नीट फुलत नाही, त्यासाठी ३० टक्क्यांच्या वर फॅट लागतं. पण अर्धवट गोठलेल्या मिश्रणात घालून फेटलं की काम भागतं.

आंबा संपला की काय करायचं?

आपल्याकडे आइस्क्रीम म्हणजे मे महिना, असं समीकरण झालंय. वास्तविक आंब्याचं आइस्क्रीम सगळ्यात सोपं, म्हणून ते सगळ्यांना जमतं. हापूसचा रस दाट आणि गोड असतो, फक्त दुधातली साखर थोडी कमी करायची.

पावसाळा सरता सरता सीताफळ येतं आणि तिथे नियम बदलतो. सीताफळाचा गर तापवला तर कडवट होतो, म्हणून तो गार मिश्रणातच, शेवटी. बियांसकट मिक्सरला लावायचा तर मुळीच नाही. बिया विषारी असतात, त्या फुटून गरात मिसळता कामा नयेत. चाळणीवर हाताने गर सोडवायचा. हे किचकट काम आहे आणि चार जण गोल करून बसले की गप्पांत उरकतं.

कोजागिरीला मसाला दूध उरतंच. ते आणखी आटवून साच्यात घातलं की कुल्फी तयार. संक्रांतीच्या सुमारास गुळाचं आइस्क्रीम करायचं मनात आलं तर उकळत्या दुधात गूळ घालू नका, दूध फाटतं. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, गार दुधात घालायचा.

डिसेंबरपासून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. तिच्यात पाणी फार, त्यामुळे कच्ची वाटून घातली तर हमखास बर्फ. साखर घालून ती जॅमसारखी आटवायची, गार करायची आणि मग मिसळायची. अननसही असाच शिजवून घ्यायचा, कारण कच्च्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध कडू होतं. डहाणू-घोलवडकडचा चिकू काही त्रास देत नाही. पेरूच्या आइस्क्रीमवर तिखट-मीठ भुरभुरायला लहान मुलांना भारी आवडतं.

आणि थंडीत आइस्क्रीम खाऊन सर्दी होते त्याचं काय? हा आरोप फार जुना आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरलेलं जहाज कलकत्त्याला आलं आणि लवकरच तो बर्फ मुंबईतही पोचला. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ च्या सुमारास मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी तेव्हा छापून आल्याचं सांगितलं जातं. सर्दी होते ती विषाणूंमुळे. एकाच वाडग्यात चार चमचे फिरले तर मात्र ती पसरू शकते.

बीटर, पॉट काहीच नसेल तर मुलांसाठी पिशवीचा प्रयोग आहे. लहान झिप लॉक पिशवीत अर्धा कप दूध, दोन चमचे साखर आणि थोडं क्रीम. ती घट्ट बंद करून बर्फ-मीठ भरलेल्या मोठ्या पिशवीत ठेवायची, टॉवेलमध्ये गुंडाळायची आणि आळीपाळीने दहा मिनिटं हलवायची. आतली पिशवी उघडण्याआधी ती गार पाण्याखाली धुऊन घ्यायची, नाहीतर पहिला घास खारट.

तयार आइस्क्रीम फ्रीजरच्या दारात नको, अगदी मागे ठेवा. वरून प्लॅस्टिक चिकटवून झाकण लावा. दार सारखं उघडलं की वरचा थर वितळतो, पुन्हा गोठतो आणि दर वेळी स्फटिक मोठे होतात. लाइट गेले आणि डब्यातलं पार वितळून काही तास तसंच राहिलं तर ते पुन्हा गोठवून खाऊ नका. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. नुकतंच मऊ पडलं असेल तर सरळ मिल्कशेक करून त्याच वेळी संपवा.