हट्टी मूल आणि आपलें घर

'आमचा मुलगा कोणाचेंच ऐकत नाहीं,' ही तक्रार ज्याच्या कानीं आली नाहीं असा शिक्षक विरळाच. वस्तुतः हट्ट हा बालपणाचा दोष नव्हे. दोन वर्षांचें मूल प्रत्येक गोष्टीस 'नाहीं' म्हणतें, चौदा वर्षांचा मुलगा वडिलांशीं वाद घालतो; हे स्वत्वाचे अंकुर होत. परंतु कांहीं घरांत हा हट्ट वयाची मर्यादा ओलांडतो. मग आजी नवस बोलते, वडील हात उगारतात, काका दूरच्या वसतिगृहाची चौकशी करतात, आणि 'वाया गेला' असा शिक्का त्या पोरावर बसतो. तो बसण्यापूर्वीं विचार व्हावा, म्हणून आम्ही हें लिहीत आहों.

साधा हट्ट आणि विकार यांतील सीमारेषा शास्त्रानें आंखून दिली आहे. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें १९८० सालीं आपल्या वर्गीकरणांत प्रतिकूल वर्तनास स्वतंत्र नांव दिलें. २०१३ सालच्या आवृत्तीप्रमाणें ८ लक्षणांपैकीं ४ तरी किमान ६ महिने टिकावीं लागतात. वारंवार संताप, चिडखोरपणा, मोठ्यांशीं वितंडवाद, आज्ञेचा मुद्दाम भंग, इतरांस डिवचणें, आपला दोष दुसऱ्यावर ढकलणें, सूडबुद्धि इत्यादि तीं लक्षणें होत. केवळ भावंडांशीं होणारीं भांडणें यांत धरीत नाहींत. याहून गंभीर तो दुर्वर्तनाचा विकार. माणसांस किंवा मुक्या प्राण्यांस इजा करणें, मालमत्तेची नासधूस, खोटेपणा व चोरी, घरांतून पळून जाणें, वरचेवर शाळा बुडविणें हे त्याचे प्रकार. तो १० वर्षांच्या आंत दिसूं लागला तर अधिक काळजी घ्यावी. तथापि पहिल्या विकाराचीं बहुतेक मुलें या दुसऱ्याकडे वळत नाहींत, हेंही आईबापांनीं लक्षांत ठेवावें.

कारण एकच नसतें. कांहीं मुलें जन्मतःच तापट असतात. कांहींच्या वर्तनाच्या मुळाशीं चंचलतेचा विकार, वाचनांतील अडचण किंवा मनाची उदासी दडलेली असते. ज्याला फळ्यावरचें अक्षर लागत नाहीं, तो पुष्कळदां उद्धट होऊन आपली लाज झांकतो. पण घराचाही वांटा असतो. ओरेगॉन येथील जेराल्ड पॅटरसन यांनीं १९८२ सालच्या ग्रंथांत कुटुंबांतील एक दुष्टचक्र उकलून दाखविलें. आपल्या एकत्र कुटुंबांत तें असें फिरतें: आई म्हणते, 'मोबाईल ठेव.' मुलगा आरडाओरड करतो. आजी म्हणते, 'जाऊं दे ग, कशाला रडवतेस त्याला!' आई माघार घेते. घर शांत होतें. ओरडल्यानें काम होतें हें मुलगा शिकला. नमतें घेतल्यानें शांतता मिळते हें वडील माणसें शिकलीं. दुसरे दिवशीं बाप चापट मारतो, आणि बळी तो कान पिळी हा तिसरा धडाही मुलास मिळतो.

म्हणून लहान मुलांच्या बाबतींत पालकांस वळण लावणें हाच मुख्य उपचार ठरला आहे. आज्ञा थोडी, स्पष्ट आणि शांत असावी. मूल चांगलें वागेल तेव्हां तें तत्काळ बोलून दाखवावें. शिक्षा लहान, पण ठरलेली असावी. उदाहरणार्थ, त्या सायंकाळचा मोबाईल बंद. मुख्य म्हणजे मोठ्यांनीं आपसांतले मतभेद मुलामागें मिटवावे, त्याच्यासमोर नव्हे. लालन-ताडनाचें जुनें सुभाषित आपल्या तोंडीं असतें. परंतु माराने हा विकार बरा होत नाहीं, उलट चिघळतो. शाळेंतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंही मनाई केली आहे. औषध लागतें तें बहुधा सोबतच्या विकारासाठीं.

इतकें करूनही फरक न पडल्यास बालमनोविकारतज्ज्ञास दाखविण्यांत कमीपणा मानूं नये. ताप आल्यावर वैद्य बोलावतांना आपण कुलाची अब्रू आठवत नाहीं. केंद्र सरकारची २०२२ सालीं सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर सल्ला देते. पोर आपलें आहे, आणि तें अजून वाढत आहे. तेव्हां त्याच्याविषयींचा निकाल आजच लिहूं नये.