चौथ्या नंबरवरचा पंखा

हिंगोलीत गाडीला हीटर कशाला, असं बाहेरचा माणूस विचारतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे औंढा नागनाथच्या रस्त्याला लागलं की उत्तर आपोआप मिळतं. पारा दहाच्या खाली गेलेला, कयाधूच्या काठानं धुकं पसरलेलं आणि गाडीत चार माणसं श्वास घेत असल्यानं समोरच्या काचेवर आतून वाफ धरलेली. त्या वेळी हीटर अंग गरम करायला लागत नाही, रस्ता दिसायला लागतो. पावसाळ्यातही तेच. आणि एप्रिल-मेच्या उन्हात एसी लागतो. तिन्ही ऋतूंत वारा फेकणारा पंखा मात्र एकच, डॅशबोर्डाच्या आतला ब्लोअर. शाळेच्या नोकरीपायी मी वीस वर्षं या रस्त्यानं गाडी चालवली. तेवढ्या काळात तीन गाड्या झाल्या आणि तिघींचाही ब्लोअर कधी ना कधी बिघडला.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच सुमारास, डिसेंबर १९९८ मध्ये, टाटा इंडिका बाजारात आली होती. मारुती ८०० तर १९८३ पासूनच होती. तरी आमच्याकडे रस्त्यावर जोर होता तो जीप आणि काळी-पिवळीचा, आणि त्यांत वारा यायचा तो उघड्या बाजूंनी. एसीच्या लहान गाड्या वाढल्या तसं ब्लोअरचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात येऊ लागलं. सुटा भाग लागला तर नांदेडहून मागवायचा, एक-दोन दिवस थांबायचं. म्हणून आहे तेच दुरुस्त करण्याकडे कल असायचा. मोटार खोलायची, झिजलेले कार्बन बदलायचे, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं साफ करायचा, बुशला तेलाचे दोन थेंब द्यायचे. दीड-दोन तासांत पंखा पुन्हा फिरायला लागे.

माझ्या पहिल्या गाडीत एक, दोन, तीनवर काहीच होईना, चारवर मात्र पंखा जोरात फिरे. या लक्षणाचा अर्थ सरळ आहे. खालच्या तीन वेगांना करंट रेझिस्टन्समधून जातो, चौथ्याला थेट मोटारीत. म्हणजे मोटार चालू आहे, रेझिस्टन्स जळला आहे. तो बदलला. तीन महिन्यांत पुन्हा जळला. त्यानंतर एका दुकानात फ्यूज सारखा उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज टाकून दिला. थोड्याच दिवसांत सेनगावहून परतताना गाडीत प्लास्टिक जळाल्याचा वास भरला. कपलर वितळून वायरला चिकटला होता. शेजारी मुलगी बसलेली होती. त्या दिवसापासून कोणी वाढीव फ्यूज टाकतो म्हणालं की मी किल्ली परत घेतो.

गाडी मग एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी रेझिस्टन्सकडे पाहिलंच नाही. डाव्या बाजूचा ग्लव्ह बॉक्स उतरवला, मोटार बाहेर काढली आणि म्हणाले, "सर, पंखा हातानं फिरवून बघा." पंखा जड फिरत होता. बुश कोरडा पडलेला आणि पंख्याच्या पात्यांत पिवळी धूळ घट्ट बसलेली. ती हळदीची होती. वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात फेब्रुवारीपासून हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं चालतं आणि ती धूळ हवेत उडत राहते. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा, तो वेगळाच. त्या काळच्या बऱ्याच लहान गाड्यांत केबिन फिल्टर नव्हता, सगळं थेट आत जायचं.

जड फिरणारी मोटार जास्त करंट ओढते आणि रेझिस्टन्सवर भार येतो. दुसरी गोष्ट मला तिथंच समजली. हा रेझिस्टन्स मुद्दाम ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवलेला असतो, तो वारा त्याला थंड ठेवतो. वारा अडला की तो तापून जळणारच. रेझिस्टन्स जळणं हे लक्षण होतं, रोग मोटारीत होता, आणि मी दोनदा पैसे लक्षणावर घातले होते.

दुसऱ्या गाडीचा बिघाड वेगळा. कुठल्याच वेगाला पंखा फिरेना. फ्यूज ठीक, रिले ठीक, मोटारीच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लखलखीत, अर्थिंगही चांगलं. चाचांनी पेचकसाच्या मुठीनं मोटारीवर हलकेच ठोकलं, पंखा फिरायला लागला. कार्बन संपले होते. (नुसती कुरकुर येत असेल तर आधी पंख्यात वाळलेलं पान किंवा उंदरानं नेलेला कापूस शोधावा, उभ्या गाडीत हे नेहमी घडतं.)

पुढं सुटे भाग हिंगोलीतच मिळायला लागले आणि कार्बन बदलणं जवळपास थांबलं. मोटार अख्खी येते, अख्खी बदलतात. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत तर जुना रेझिस्टन्सच नाही, वेग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सांभाळतं. जुनं ते सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आताच्या बऱ्याच रेझिस्टन्समध्ये थर्मल फ्यूज असतो, भाग तापला की तो आधी तुटतो आणि आग टळते. माझ्या पहिल्या गाडीत तो असायला हवा होता. मला खटकतं ते इतकंच की भाग सहज मिळतो म्हणून तो का जळला हे कोणी विचारत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. हळदीची पोती भरून निघणाऱ्या नव्या ट्रकांतही आता ब्लोअर असणार, धूळ तर तीच आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या तिसऱ्या गाडीचा पंखा चौथ्या नंबरवर अडला. चाचांचं दुकान आता बंद आहे, म्हणून बायपासजवळच्या एका तरुण इलेक्ट्रिशियनकडे गेलो. "काका, रेझिस्टन्स गेलाय, नवा आहे आपल्याकडं," तो म्हणाला आणि डबा काढून काउंटरवर ठेवला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यानं ग्लव्ह बॉक्स उतरवला, पंखा चौथ्यावर लावला आणि डबा न उघडताच मोटारीच्या वायरला क्लॅम्प मीटर लावला.