सहावा रोजा, तिसरा फॉर्म

2025 च्या रमजानचा पहिला जुम्मा 7 मार्चला आला. सहावा रोजा होता. मी धुळ्याला कॉलेजात शिकवतो. पण रमजानमध्ये एखादी इफ्तार तरी सोनगीरला आपाकडे करायची, असा आमचा जुना रिवाज आहे. दस्तरखानावर खजूर होते, टरबूज होतं, कांद्याची गरम भजी होती. शेजारचे तांबटकाकाही नेहमीप्रमाणे आले होते. त्यांचा रोजा नसतो, पण हातात खजूर घेऊन अजानची वाट ते आमच्यासारखीच पाहतात. सगळं दरवर्षीसारखं होतं, फक्त घर गप्प होतं. त्याच रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी ‘नीट’चा फॉर्म भरायची मुदत संपणार होती आणि माझ्या भाचीचा फॉर्म भरला गेला नव्हता.

भाचीने 2023 मध्ये बारावी केली. त्या वर्षी पहिल्यांदा नीट दिली. मग एक वर्ष घरी बसून, रोज बसने धुळ्याला क्लासला जाऊन 2024 मध्ये दुसऱ्यांदा दिली. 720 पैकी 508 गुण मिळाले. सरकारी एमबीबीएस हुकलं. प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या संपायच्या आधीच तिने बी.एस्सी.ला नाव घातलं. आता प्रश्न तिसऱ्यांदा द्यायचा होता.

नमाज झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “मामू, फॉर्म भरूं के नको?”

हा प्रश्न आज सोनगीरच्या एका घरात नाही. शिरपूर, चोपडा, पारोळा, साक्री, कुठेही जा. नाव वेगळं असेल, धर्म वेगळा असेल, प्रश्न हाच. 2024 मध्ये देशभरात 23 लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. त्यातली 13 लाखांवर ‘पात्र’ ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र तेव्हा सव्वा लाखाच्या आत होत्या आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. ‘पात्र’ या शब्दाने आपल्याकडे फार गोंधळ होतो. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा गेल्या वर्षी शेवटी 162 गुणांवर ठरली. मुलगा पात्र झाला म्हणून पेढे वाटले जातात आणि दोन महिन्यांनी कळतं की सरकारी जागेची रेषा त्याच्या कितीतरी वर आहे. मग घरात बसतो तो प्रश्न: पुन्हा द्यायची का?

नियम आड येत नाही. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अटही 2022 मध्ये काढून टाकली गेली. दार उघडं आहे हे चांगलंच. पण जे दार कधीच बंद होत नाही, त्याच्यासमोर माणूस किती वर्षं उभा राहील, हेही मग त्यालाच ठरवावं लागतं.

गेल्या वर्षी तर हे ठरवणंही मुलांच्या हातात राहिलं नव्हतं. 4 जूनला निकाल लागला आणि 67 जणांना पैकीच्या पैकी गुण दिसले. पेपरफुटीच्या बातम्या आल्या, तपासाचे धागे आपल्या लातूरपर्यंत पोहोचले. ज्या 1563 जणांना वाढीव गुण दिले होते त्यांची फेरपरीक्षा 23 जूनला झाली, बसले 813. बाकीच्यांचं काय, हे 23 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सगळी परीक्षा रद्द करायला नकार दिला तेव्हा कळलं. ते सात आठवडे भाचीने पुस्तक उघडलं नाही आणि मिटलंही नाही. रोज सकाळी मोबाइल पाहायचा, पुन्हा परीक्षा होणार की नाही. अभ्यासापेक्षा त्या वाट पाहण्यानेच ती जास्त थकली, असं आपा सांगते.

तिला उत्तर देण्याआधी मला माझीच गोष्ट आठवली. 2001 साली मीही डॉक्टर व्हायला निघालो होतो. तेव्हा नीट नव्हती, राज्याची सीईटी होती. खानदेशात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच, धुळ्याचं. आता जळगावला आणि नंदुरबारलाही झालं आहे. मला गुण कमी पडले. अब्बा म्हणाले, “एक साल और देख ले बेटा.” मी नाही म्हटलं आणि कला शाखेकडे वळलो. पुढे उर्दूत एम.ए. केलं, शिकवायला लागलो, मला हे काम आवडतं. लोकांना वाटतं, किती समजूतदार निर्णय. खरं सांगायचं तर तो निर्णय मी शरमेने घेतला होता. वर्गातले दोघे निवडले गेले होते आणि पुन्हा क्लासच्या दारात उभं राहायला मला लाज वाटत होती. निर्णय बरोबर निघाला, पण तो मी विचार करून घेतला नव्हता. पुढे किती तरी वर्षं दवाखान्यात गेलो की डॉक्टरच्या खुर्चीकडे बघत बसायचो.

म्हणून मी भाचीला ‘भर’ किंवा ‘नको’ म्हटलं नाही. तिला गेल्या वर्षीची उत्तरपत्रिका आणायला सांगितली. तिने छापील प्रत जपून ठेवली होती, पण निकालानंतर एकदाही उघडून पाहिली नव्हती. बहुतेक मुलं पाहत नाहीत. गुण पाहतात, रँक पाहतात, उत्तरपत्रिका पाहत नाहीत.

आम्ही कागद घेऊन बसलो. 180 प्रश्नांपैकी 135 बरोबर, 32 चूक, 13 सोडलेले. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. 540 उणे 32, म्हणजे 508. मग विषय पाहिले. जीवशास्त्रात 294, रसायनात 123, भौतिकशास्त्रात 91. इथपर्यंत तिला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. त्या 32 चुकांसमोर मी तिला एकेक कारण लिहायला लावलं: येत नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, की अंदाजाने ठोकलं. अर्ध्या तासात यादी झाली. येत नव्हतं असे फक्त सात निघाले. घाईत चुकलेले चौदा. अंदाजाने ठोकलेले अकरा.

भाची यादीकडे बघत राहिली. दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत होती, “माझं फिजिक्स कच्चं आहे.” सातवरच्या प्रत्येक चुकीचा दोष ती न येण्याला देत होती, आणि म्हणून पुन्हा पहिल्या धड्यापासून सगळं वाचत होती. तिला वाचायची नव्हे, थांबायची सवय लावायला हवी होती. चौदा घाईच्या चुका दुरुस्त झाल्या असत्या तर 70 गुण, अकरा अंदाज सोडून दिले असते तर 11. म्हणजे 589. मी हेही तिच्यापासून लपवलं नाही की गेल्या वर्षीच्या रेषेने 589 लाही तिला सरकारी एमबीबीएस मिळालं नसतं. शिवाय यंदा पेपरही बदलला आहे. आधी 200 प्रश्नांतून 180 निवडायचे आणि वीस मिनिटं जास्त मिळायची. आता 180 प्रश्न, 180 मिनिटं, निवड नाही. जुन्या सवयीने बसणाऱ्याला हे जड जाणार.

तेवढ्यात तांबटकाका बोलले. सोनगीरची तांब्यापितळेची भांडी खानदेशभर प्रसिद्ध आहेत आणि काकांचं सगळं आयुष्य त्या ठोक्यांत गेलं आहे. म्हणाले, “पोरी, भांडाले पोचा पडना म्हनीसन कोनी भांडं फेकस का? पन ठोकाना आगोदर पोचा कोठे शे ते देखनं पडस.” थोडं थांबून आणखी म्हणाले, “आन ठोकी ठोकी भांडं कडक व्हस. मंग तेले भट्टीमा घाली नरम करनं पडस. नुसतं ठोकत ऱ्हायनात ते तडकस.”

त्यांच्या स्वतःच्या नातवाने गेल्या वर्षी हाच प्रश्न सोडवला होता. त्याचे गुण भाचीपेक्षा थोडे जास्तच होते. त्याने पुन्हा परीक्षा दिली नाही. त्याला डॉक्टर व्हायचंच नव्हतं, घरच्यांना त्याला डॉक्टर करायचं होतं. त्याने बी.फार्मसीला प्रवेश घेतला. काकांना तेव्हा वाईट वाटलं होतं, आता ते त्याच्या प्रयोगशाळेच्या गोष्टी कौतुकाने सांगतात.

भाचीला मात्र खरंच डॉक्टर व्हायचं आहे. मी विचारलं, “एमबीबीएस नाही, बीएएमएस किंवा बीयूएमएस मिळालं तर?” या अभ्यासक्रमांनाही नीटचेच गुण लागतात, आणि युनानीची कॉलेजं आपल्याकडे जळगावला, अक्कलकुव्याला, मालेगावला आहेत. आजवर तिने ‘एमबीबीएस नाही तर काहीच नाही’ असंच धरलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मामू, मला पेशंट बघायचेत. पाटीवर कोणती डिग्री लिहिली ते नंतर बघू.” तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.

आता पैशांचा प्रश्न. माझ्या दुल्हाभाईंचं हायवेवर छोटं गॅरेज आहे. ते दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणाले, “बेटा, पैसे की फिकर मत कर.” बापाने हे म्हणायचंच असतं. पण मी हिशेब कागदावर मांडायला लावला, कारण न बोललेला खर्च मुलांच्या छातीवर दगडासारखा बसतो. पूर्ण वर्ष बाहेरगावी ठेवलं तर फी, खोली, जेवण मिळून गॅरेजची वर्षभराची कमाई गेली असती. घरी राहून, बी.एस्सी. चालू ठेवून फक्त सराव परीक्षा दिल्या तर खर्च फारच थोडा. भाची ऐकत होती. बाप कर्ज काढणार नाही हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला.

रोज्याच्या एका नियमाची इथे आठवण होते. आजारी माणसाने, प्रवाशाने रोजा सोडला तर तो नंतर भरून काढायचा असतो. त्याला आम्ही कजा म्हणतो. जितके सुटले तितके मोजून ठेवायचे. एकाच्या जागी एक. कजा करणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. आणि ज्याला वयामुळे किंवा कायमच्या आजारामुळे ते झेपणारच नाही, त्याने गरिबाला जेवू घालावं, त्याला कजा माफ. म्हणजे पुन्हा करण्याची मुभा आहे आणि न करण्याचीही. दोन्हींना कारण लागतं, हिशेब लागतो. शरम मात्र कुठेच लागत नाही. परीक्षा आणि इबादत एक नव्हेत, हे मला कळतं. पण मुलांना आपण एवढी साधी सवलतही देत नाही, हे खटकतं.

अम्मीने नातीला इस्तिखारा करायला सांगितलं होतं. काही ठरवायचं असेल तेव्हा दोन रकात नफिल पढून, यात माझं भलं असेल तर सोपं कर, नसेल तर मला त्यापासून फिरव, अशी मागणी करायची. पुष्कळ लोक मग स्वप्नाची वाट बघत बसतात. पण मश्वरा, म्हणजे जाणत्यांशी सल्लामसलत, हीसुद्धा आमच्या दीनची शिकवण आहे. उत्तरपत्रिका न उघडता मागितलेला इस्तिखारा मला अर्धवट वाटतो.

तरावीहनंतर, सव्वादहाच्या सुमाराला, भाचीने फॉर्म भरला. त्याआधी वहीत चार ओळी लिहिल्या आणि बापाची सही घेतली. ही शेवटची वेळ. बी.एस्सी. सोडायची नाही. दर रविवारी एक पूर्ण सराव पेपर, आणि त्यानंतर चुकांची यादी. निकालानंतर जे गुण येतील त्यात जे मिळेल ते पाहायचं. काहीच नाही मिळालं तर बी.एस्सी. पूर्ण करायची, कोणी टोमणा मारायचा नाही. शेवटची ओळ तिने स्वतः घातली, मी सांगितली नव्हती.

आता शेवटचा अशरा सुरू आहे. परीक्षा 4 मेला. सहरीनंतर ती दोन तास बसते, मग कॉलेजला जाते. रोज्यात डोकं दुखलं तर दुपारी झोपते; हेही तिला शिकावं लागलं. परवा फोनवर म्हणाली की तिसऱ्या रविवारच्या पेपरात अंदाजाने एकही उत्तर ठोकलं नाही. गुण किती, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

निकाल काय लागेल, अल्लाह जाणे. आई-वडिलांना एवढंच सांगावंसं वाटतं: मुलाने पुन्हा द्यायची म्हटलं तर कारण विचारा, नाही म्हटलं तरी कारण विचारा, आणि ते कारण ‘लोक काय म्हणतील’ हे असेल तर निर्णय त्या दिवशी घेऊ नका. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, तर अभ्यासाआधी त्याच्याकडे बघा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक अशाच वेळेसाठी आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ईदला मी सोनगीरला जाणार आहे. तांबटकाकांचा नातूही सुट्टीवर येणार आहे. शीरखुर्म्याच्या वाट्या पुढे येतील तेव्हा दोघं शेजारी बसतील, एकाने फॉर्म भरलेला, एकाने न भरलेला. त्या दिवशी तरी दोघांपैकी कोणालाच “मग, पुढे काय?” असं विचारायचं नाही, हे मी आपाच्या घरी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे.