कुंपणानं केलेला घात

फुलपाखराला वाचवायला कुंपण घातलं, आणि फुलपाखरूच गेलं.

गोष्ट इंग्लंडमधली. ‘लार्ज ब्लू’ नावाचं निळं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू तिथं मुळातच दुर्मीळ, त्यात हौशी संग्राहक जाळी घेऊन त्याच्या मागावर. म्हणून त्याच्या एका कुरणाला कुंपण घातलं गेलं. संग्राहक बाहेर राहिले, पण चरणारी जनावरंही बाहेर राहिली. पुढं 1953 साली सशांमध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ पसरली आणि गवत खुरटं ठेवणारे ससे देशभर पटापट मेले. 1979 साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं.

असं का व्हावं, याचा छडा लावला जेरेमी थॉमस या कीटकशास्त्रज्ञानं. या फुलपाखराची मादी रानटी थाइम या वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते आणि मग सरळ जमिनीवर पडून राहते. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड थेंबाला भुललेली तांबडी मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेते. ही पाहुणी तिथं दहाएक महिने मुक्काम ठोकते आणि यजमानांचीच पिल्लं खाऊन गुबगुबीत होते! पण मुंगी ‘मिर्मिका साबुलेटी’ याच जातीची हवी, आणि तिला लागते उन्हानं तापलेली माती. गवत तीनेक सेंटिमीटरच्या वर गेलं की जमिनीवर सावली पडते, माती थंडावते, ही मुंगी हटते आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीची मुंगी येते. तिच्या वारुळात अळी सहसा जगत नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र कुरण हिरवंगार दिसतं, थाइमही फुललेला असतो.

कारण कळल्यावर उपाय सोपा होता. कुरणात पुन्हा जनावरं सोडली गेली आणि ऐंशीच्या दशकात स्वीडनमधून अळ्या आणल्या गेल्या. आज सॉमरसेटच्या टेकड्यांवर हे फुलपाखरू पुन्हा उडतं.

म्हणजे सगळीकडे गुरं सोडली की झालं? तसं नाही. ससेक्समधल्या नेप इस्टेटनं शेती थांबवून गायी, तट्टं, डुकरं आणि हरणं बेताच्या संख्येनं मोकळी सोडली. डुकरांनी उकरलेल्या ओल्या मातीत विलोच्या झुडपांचं बी रुजलं. त्या पानांवर ‘पर्पल एम्परर’ फुलपाखराची अळी वाढते. जुन्या ओक जंगलांचं समजलं जाणारं हे फुलपाखरू या झुडपी रानात मोठ्या संख्येनं आलं. जनावरं जास्त असती, तर ही झुडपं रोपातच खुडली गेली असती.

महाराष्ट्राला ‘चराईबंदी, कुऱ्हाडबंदी’ हे शब्द नवे नाहीत. उघड्याबोडक्या डोंगरांवर त्यांचा उपयोग झाला, हे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं दाखवून दिलं. पण दख्खनचा माळ म्हणजे नुसती ओसाड जागा नव्हे. रानबोरीच्या पानांवर ठिपकेवाल्या चिमुकल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. फुलोरी मधमाशी झुडपाच्या फांदीलाच एकुलतं एक पोळं बांधते. माळ अति चरला, की शेळ्या-गुरं टाळतात ती रुई आणि तरवड तेवढी उरतात. मग रुईवर वाढणाऱ्या फुलपाखरांची सोय होते, बोरीवरच्यांची होत नाही.

यातला मधला मार्ग गावाकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पावसाळाभर कुरण राखायचं, दिवाळीच्या सुमारास गवत कापायचं आणि मग गुरं सोडायची. ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव लिहिताना बंदी कधी उठणार, तेही लिहावं. आणि माळ साफ करताना बोरीच्या जाळीला हात लावू नये.