बनारसी शालूतले आंशिक विद्युतभार

मराठी घरात लग्नाचा बस्ता बांधताना पैठणीच्या जोडीला बनारसी शालू येतोच. वाराणसीच्या मदनपुरा, पीली कोठी, अलईपुरा या विणकरांच्या वस्त्यांत त्याचे माग चालतात. शालू पाण्यात घालू नका, ड्रायक्लीनला द्या, असं दुकानदार बजावून सांगतो. या सल्ल्याचं मूळ रेशमाच्या रेणूत आहे, एका इलेक्ट्रॉनच्या भाराहूनही लहान असलेल्या भारांत.

भार अपूर्णांकात कसा?

दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात, पण वाटणी सारखी होतेच असं नाही. जोडी आपल्याकडे खेचण्याच्या अणूच्या ओढीला विद्युतऋणता म्हणतात. पॉलिंगच्या मोजपट्टीवर ती ऑक्सिजनची ३.४४, नायट्रोजनची ३.०४, कार्बनची २.५५ आणि हायड्रोजनची २.२० आहे. जोडी जास्त ओढ असणाऱ्याकडे झुकते; तिथे थोडा ऋण भार साचतो आणि दुसऱ्या टोकाला तेवढाच धन भार उरतो. हा भार आणि दोन टोकांमधलं अंतर यांचा गुणाकार म्हणजे द्विध्रुव आघूर्ण. हायड्रोजन क्लोराइडचा तो १.०८ डिबाय आणि त्याच्या अणूंमधलं अंतर १.२७ अँगस्ट्रॉम. यावरून हायड्रोजनवरचा भार इलेक्ट्रॉनच्या भाराच्या साधारण ०.१८ पट निघतो.

दोनच अणू असले की हिशेब असा सरळ असतो. मोठ्या रेणूत मोजता येतो तो एकूण द्विध्रुव. कोणत्या अणूच्या वाट्याला किती भार, हे गणिताने ठरवावं लागतं आणि पद्धत बदलली की आकडाही बदलतो. तरी ऋण कुठे आणि धन कुठे, याबद्दल सहसा वाद नसतो.

रेशमाचा धागा

रेशमाचा गाभा म्हणजे फायब्रोइन हे प्रथिन. त्याच्या साखळीत ठरावीक अंतराने कार्बनला जोडलेला ऑक्सिजन आणि नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन येतो. संगणकीय गणितांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित संचात या ऑक्सिजनवर सुमारे −०.५७ आणि हायड्रोजनवर +०.२७ भार धरतात. एका साखळीचा हायड्रोजन शेजारच्या साखळीच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. असा एकेक हायड्रोजन बंध दुबळा असतो, पण ओळीने हजारो जुळले की घट्ट पदर तयार होतात. मार्श, कोरी आणि पॉलिंग यांनी १९५५ मध्ये रेशमाची ही रचना मांडली. फायब्रोइनमध्ये ग्लायसीन आणि ॲलनीन ही लहान अमिनो आम्लं भरपूर असल्यामुळे पदर एकमेकांना अगदी चिकटून बसतात. त्यांच्या आत पाण्याला शिरकाव नाही.

कच्च्या रेशमावरचा डिंक

कोशातून काढलेल्या धाग्यावर सेरिसिनचा चिकट थर असतो. वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा तोच. सेरिसिनही प्रथिनच, पण त्यात सेरीन खूप, आणि प्रत्येक सेरीनच्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची ध्रुवीय जोडी. पाण्याच्या रेणूतही ऑक्सिजन ऋण आणि हायड्रोजन धन, त्यामुळे ते या टोकांना सहज बिलगतं. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात धागा उकळला की सेरिसिन विरघळून निघतं आणि फायब्रोइन शाबूत राहतं. रेशमाची झळाळी उघडी पडते ती इथे. रासायनिकदृष्ट्या सख्ख्या भावंडांसारखी ही दोन प्रथिनं एकाच पातेल्यात इतकी वेगळी वागतात, हे मला विलक्षण वाटतं.

मग पाणी का नको?

फायब्रोइनचे सगळेच भाग असे घट्ट नसतात. सैल भागांतल्या भारांना पाणी चिकटतं, म्हणूनच दमट हवेतही रेशीम ओल धरतं. प्रमाणित हवेत १०० ग्रॅम कोरड्या रेशमामागे सुमारे ११ ग्रॅम. पूर्ण भिजलं की धागा फुगतो, पोत बिघडतो, कच्चा रंग सुटतो.

ड्रायक्लीनमध्ये अनेकदा टेट्राक्लोरोइथिलीन हे द्रव वापरतात. त्यात कार्बन-क्लोरीनचे ध्रुवीय बंध चार, पण ते इतके सममित मांडलेले असतात की एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात आणि रेणूचा द्विध्रुव शून्य येतो. असं द्रव तेल-तूप विरघळवतं आणि रेशमाच्या हायड्रोजन बंधांना धक्का लावत नाही. मात्र घामातलं मीठ किंवा सरबतातली साखर त्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यासाठी थोडं पाणी लागतंच. म्हणून शालू धुवायला देताना डाग कशाचा आहे ते आवर्जून सांगावं.