अर्धी भूल की पूर्ण भूल?

निपाणीच्या माझ्या मामांनी चाळीस वर्षे तंबाखूच्या वखारीत काढली. दिवसाला दोन कट्टे विडी ठरलेली. २०२२ च्या पावसाळ्यात एके दिवशी लघवीतून लाल रक्त गेले. दुखले नाही, जळजळ नाही. मामी म्हणाली, उष्णता वाढली असेल. सब्जा झाला, शहाळी झाली, धन्याचे पाणी झाले. रक्त आपोआप थांबले आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. दिवाळीनंतर पुन्हा गेले, तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर गाठ होती. मधले चार महिने आम्हीच घालवले होते, हे आधीच कबूल करते.

डिसेंबरात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टर खाटेपाशी आले आणि भूल कोणती द्यायची यावर बोलू लागले. तिथेच आमच्यात वाद सुरू झाला. मामेभावाने कुठेतरी वाचले होते, की पाठीत सुई देऊन अर्धी भूल दिली तर मूत्राशयाचा कॅन्सर परत येण्याचे प्रमाण कमी असते. त्याचा हट्ट पाठीतल्या सुईचा. त्याची बायको गोकाकची. तिला वाटे, मामा जागे राहिले तर घाबरतील, पूर्ण भूल बरी. ती मामांना एकसारखी सांगत होती, “मावा, अंजब्याड्री.” मामा मात्र म्हणाले, “मला काही कळू नये, एवढंच बघा.”

कन्नडमध्ये भुलीला ‘अरिवळिके’ म्हणतात. अरिवु म्हणजे जाण, ती हरपणे म्हणजे अरिवळिके. आपल्या ‘भूल’ शब्दातही तेच आहे. त्यामुळे भूल म्हणजे झोप, अशी आपली दोन्ही भाषांतली समजूत. पण पाठीतल्या भुलीत माणसाची जाण जात नाही. कमरेखालचा भाग दोन-तीन तास बधिर होतो आणि माणूस जागा राहतो. ही पद्धत जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली पहिल्यांदा वापरली, म्हणजे सव्वाशे वर्षांची जुनी आहे. पूर्ण भुलीत शिरेतून किंवा श्वासावाटे औषध देऊन झोपवतात आणि लागेल तेव्हा घशात नळी घालून श्वास यंत्रावर चालवतात.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मामेभावाला गप्प केले नाही. खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगितले. ते ऐकताना मला कळले, की आमचा प्रश्नच थोडा चुकीच्या टोकाने धरलेला होता.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती गाठीच्या जागेची. मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीला लागूनच ऑब्च्युरेटर नावाची नस जाते. ती मांडीच्या आतल्या स्नायूंना हलवते. गाठ विजेच्या तारेने खरवडताना त्या नसेला धक्का बसला, तर पाय एकदम आत झटकतो. हातातली तार त्या क्षणी मूत्राशयाला भोक पाडू शकते. गंमत अशी, की पाठीतल्या भुलीने हा झटका थांबत नाही. ती भूल मणक्यापाशी काम करते आणि वीज नसेला पुढे, थेट वाटेत गाठते. म्हणून बाजूच्या भिंतीवरची गाठ असेल तर दोन मार्ग असतात. एक, पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करणारे औषध द्यायचे. दुसरा, पाठीतल्या भुलीबरोबर जांघेत आणखी एक सुई देऊन ती नसच बधिर करायची.

दुसरी गोष्ट मामांच्या छातीची. विडीने फुप्फुसे थकलेली, जिना चढताना दम लागायचा. अशा माणसाला श्वासाच्या यंत्रावर न घालता काम झाले तर ऑपरेशननंतर छातीचा त्रास कमी होतो. शिवाय जागा असलेला रोगी पोटात दुखतेय, खांद्यात कळ येतेय, असे सांगू शकतो आणि मूत्राशयाला इजा झाली असेल तर ती लवकर लक्षात येते. पण हेच गणित दुसऱ्याच्या बाबतीत उलटे असते. हृदयाची झडप फार अरुंद झालेली असेल, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, पाठीच्या मणक्याचे जुने दुखणे असेल, तर पाठीतली सुई टाळावी लागते. तिचा रक्तदाब उतरण्याचा आणि क्वचित दोन-चार दिवस डोके दुखण्याचा त्रासही असतो.

मग मामेभावाने वाचलेले खोटे होते का? नाही. २०१७ साली दक्षिण कोरियातून आणि २०१८ साली कॅनडातून तसे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. त्यात पाठीतली भूल घेतलेल्या रुग्णांत गाठ परत येण्याचे प्रमाण कमी दिसले. यामागचा तर्कही समजण्यासारखा आहे. ऑपरेशनच्या ताणाने आणि वेदनेने शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते. अफूवर्गातली वेदनाशामके आणि श्वासावाटे देण्याची भुलीची औषधे तिला आणखी दाबत असतील, तर सुटलेल्या कॅन्सरच्या पेशींना त्या दिवसांत रुजायला वाव मिळेल. पाठीतल्या भुलीत ही औषधे कमी लागतात.

परंतु हे अभ्यास रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत. कोणाला कोणती भूल द्यायची हे तिथे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते. मोठी गाठ, अवघड जागा, लांबणारे ऑपरेशन अशांना पूर्ण भूल मिळाली असेल, तर त्यांची गाठ परत येण्याचे कारण भूल की गाठच, हे कसे सांगणार? अशाच आणखी काही नोंदींत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

चिठ्ठी टाकल्यासारखे वाटप करून केलेला मोठा अभ्यास स्तनांच्या कॅन्सरवर झाला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो आला. आठ देशांतल्या २१०८ स्त्रियांपैकी काहींना नसा बधिर करून आणि प्रोपोफॉल देऊन, तर काहींना श्वासावाटे भूल आणि अफूवर्गातली औषधे देऊन ऑपरेशन केले. कॅन्सर परत येण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, सुमारे १० टक्के निघाले. म्हणजे तर्क चांगला असला तरी तो प्रत्यक्षात उतरतोच असे नाही.

तरीही हे दार बंद झालेले नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाची गाठ काढण्याआधी काही मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन हे साधे, स्वस्त बधिरतेचे औषध टोचले. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. मात्र हा निष्कर्ष स्तनांच्या कॅन्सरचा आहे. तो उचलून मूत्राशयाला लावता येत नाही.

मामांना शेवटी पाठीतली भूल आणि जांघेतली सुई दिली. कारण होते त्यांची छाती आणि गाठीची जागा. गाठ परत येऊ नये हे कारण नव्हते. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितले होते. पण मामेभावाने मनात आपलेच धरले. तपासणीचा अहवाल आला, गाठ वरच्या थरापुरतीच होती, स्नायूत शिरलेली नव्हती. मूत्राशयाच्या कॅन्सरचे चारांतले जवळपास तीन रुग्ण अशाच टप्प्यावर सापडतात. घरात पेढे वाटले गेले.

तीन महिन्यांची दुर्बिणीची तपासणी ठीक निघाली. त्या आनंदात मामांची विडी हळूच परत सुरू झाली. पुढची तपासणी शेताच्या कामात राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात मागच्या भिंतीवर दोन नव्या गाठी दिसल्या. मामेभाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून मला म्हणाला, “ताई, पाठीतली भूल दिली होती ना? मग परत आलं कसं?”

मला त्याचा राग आला नाही. एका सुईवर त्याने केवढा भार टाकला होता, एवढेच जाणवले. त्याच रात्री आम्ही त्या डॉक्टरांनी सांगितलेले सगळे पुन्हा आठवले. गाठ पूर्ण खरवडली का, तुकड्यात खालचा स्नायू आला का, ऑपरेशननंतर २४ तासांत मूत्राशयात औषध सोडता आले का, पुढे बीसीजीची गरज आहे का, तपासण्या वेळेवर होतात का आणि विडी सुटली का. हा कॅन्सर परत येणार की नाही, हे बरेचसे या गोष्टींवर आणि गाठीच्या जातीवर ठरते. मूत्राशयाच्या कॅन्सरपैकी जवळपास निम्म्यांचे मूळ धूम्रपानात असते. आमच्या घराने भुलीवर तासभर वाद घातला आणि विडीबद्दल एक शब्द काढला नव्हता!

दुसऱ्या ऑपरेशनलाही पाठीतलीच भूल दिली. या वेळी कोणी भांडले नाही. त्यानंतर सहा आठवडे, आठवड्याला एकदा, मूत्राशयात बीसीजी सोडले. तान्ह्या बाळाला टोचतात तीच ही क्षयाची लस. ती ऐकून मामी हसली, “म्हातारपणी बाळलस!” मामांची विडी त्या हिवाळ्यात सुटली. त्याचे श्रेय सूनबाईला. तिने कट्टे लपवले नाहीत. रोज संध्याकाळी नातवाला त्यांच्या मांडीवर बसवू लागली, आणि विडीचा वास असला की पोर उठून जाई.

वाचकहो, घरात कोणाचे असे ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण सही करण्याआधी विचारा. गाठ कुठल्या भिंतीवर आहे? पाय झटकू नये म्हणून काय करणार? हृदय, छाती, मणका पाहून कोणती भूल सोसेल? चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. दोन्ही प्रकारच्या भुलीत चालण्यासारखे असेल तर रोग्याच्या मनाचा कल सांगा, त्यालाही किंमत आहे.

आणि लघवीतून एकदा जरी रक्त गेले, न दुखता गेले, तरी सब्जावर थांबू नका. आमचे ते चार महिने परत मिळाले नाहीत. मामांची पुढची तपासणी कधी, हे आता मामीने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवले आहे. शेताचे काम त्या दिवशी बंद असते.